दारापुढची खुर्ची

मी, खाली सही करणारा, नगरपालिकेतील निवृत्त लिपिक, वय अडुसष्ट, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, दबाव कोणाचा नाही. लाज आहे, ती लिहिण्याच्या आड येऊ नये एवढे पाहतो.

१. राहते घर, म्हणजे तळमजल्याच्या दोन खोल्या, आणि बँकेतील शिल्लक मुलीला. दाराची खालची बिजागरी सैल आहे. दार जरा उचलून लावावे.

२. पुढील गोष्ट मुलीला तोंडी सांगवली नाही. अकरा वर्षांपूर्वी पदपथावर वस्तू ठेवण्यास मनाई करणाऱ्या आदेशाचा मसुदा माझ्याकडे होता. साहेबांनी 'अडथळा' या शब्दापुढे उदाहरणे मागितली. सुचेनात. घरी जेवायला आलो आणि खिडकीतून दिसले ते उतरवून घेतले : कुंड्या, कपड्यांची दोरी, शिलाई मशीन, बसण्याची खुर्ची. साहेब म्हणाले, "काही म्हणून सोडलं नाहीस की." मी खूश झालो. यादी तशीच छापली गेली.

खुर्ची माझ्या पत्नीची होती. गुडघ्यांमुळे तिला चालवत नसे; संध्याकाळी तिथे बसून ती सगळ्या गल्लीशी बोलायची. पालिकेची गाडी आली तेव्हा खुर्ची मीच आत घेतली. ती म्हणाली, "अहो, कोणत्या शहाण्याने केली असेल ही यादी? त्याच्या घरी बसणारं कोणी नाही वाटतं?"

"वरून आलंय," मी म्हणालो.

मुलगी म्हणाली होती, बाबा, तिथे ओळख आहे तर एका खुर्चीपुरतं विचारा. मी विचारले नाही. मसुदा काढला असता तर माझे अक्षर समोर आले असते. पत्नी तीन वर्षे आतच बसली आणि गेली. शेवटपर्यंत विचारायची, आज रस्त्यावर कोण कोण दिसलं. मी पाहिलेले नसायचे.

३. माझी सायकल शेजारच्या शिंपीदादांना. यादीतले मशीन त्यांचे. कलम दोन त्यांना वाचून दाखवले. बराच वेळ ते काज करत राहिले, मग म्हणाले, "चेन बदलून ठेवा." बदलली आहे.

४. साहेबांनी निवृत्तीला दिलेले पेन कोणालाही देऊ नये.

५. खुर्ची मुलीने पूर्वीच्या जागी, भिंतीला पाठ लावून ठेवावी. संध्याकाळी कोणीतरी बसावे. पालिकेचा माणूस आल्यास वाद घालू नये. उचलून नेलीच, तर पावतीवर नाव माझे लिहायला सांगावे.

साक्षीदार : १. घरी येणारे डॉक्टर (सही) २. दूधवाले काका (सही)

लिहून ठेवणार : मुलीचे बाबा (सही)

दिनांक : ती गेली त्याला आज आठ वर्षे, सोमवार, संध्याकाळ

स्थळ : दारापुढे, खुर्चीत बसून