राबात जळालेली चित्रे व उरलेली मालमत्ता

मी, आदिनाथ रखमाजी पिंगळे, वय वर्षे त्रेपन्न, राहणार मौजे करंजवाडी, आंदर मावळ, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या घरात बसून, माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. मणका ठिकाणावर नाही, पण कायद्याला मणक्याशी देणंघेणं नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. ज्यांनी आजवर दाब आणून पाहिला, त्यांच्या हाती काय लागलं ते त्यांनाच विचारावं.

येत्या सोमवारी मणक्याचं ऑपरेशन आहे. भूल दिल्यावर मी उठेनच असं लेखी द्या, असं मी डॉक्टरांना म्हणालो. ते हसले. म्हणून हा कागद.

वकिलांच्या कारकुनाने करून दिलेल्या कच्च्या मसुद्यात 'धंदा' या शब्दापुढे 'काही नाही' असं टाइप केलं होतं. तो मसुदा मी बाजूला ठेवला. माझा धंदा 'चित्रकार, घरी' असा वाचावा. कोणी शिकवलं असं कोणी विचारलं तर कोणी नाही, असं सांगावं.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि पडवी, माझी पत्नी राजेश्वरी हिचं. तिच्यामागे मुलगी समीक्षा हिचं. बँकेत जे असेल तेही राजेश्वरीचं. आकडा लिहीत नाही, कारण हे गावात चहाबरोबर वाचलं जाणार हे मला माहीत आहे.

कलम २. व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे केसाएवढी जाडी मोजायचं माप, लाकडी पेटीसह, समीक्षाला. नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात मी अकरा वर्षं माल तपासायला होतो. केसाएवढी चूक असली तरी माझ्या टेबलावरून पार्ट पुढे गेला नाही. मणका सरकला तेव्हा मलाच बाजूला काढलं, तेही वापरलेल्या पार्टसारखं. समीक्षाला व्हर्निअर वाचता येतो, म्हणून तो तिचा. बाकी तिच्यावर माझा राग आहे. पाहुणे बघायला येणार म्हणून तिने भिंतीवरची चित्रं उतरवून कॉटखाली सारली. "बाबा, दोन तासांचा तर प्रश्न आहे," म्हणाली. दोन तास मी कॉटवर बसून हसत होतो आणि माझं सगळं काम माझ्या बुडाखाली होतं. बाई गं, ज्या घरात बापाचं काम लपवून सून व्हावं लागतं, त्या घरात पुढे काय काय लपवावं लागेल, ते मोजून घे. पेटी त्यासाठीच देतो आहे.

कलम ३. चित्रं कुठून आली, याबद्दल गावात बरंच बरळलं जातं, म्हणून खरं काय ते नोंदवून ठेवतो. सन २०१४ पासून मी घरी आहे. राजेश्वरी तेव्हापासून लोणावळ्याच्या एका जुन्या बंगल्यात स्वयंपाकाला जाते. तिथल्या मालकांनी माळा साफ करताना जुनी विलायती कॅलेंडरं टाकायला काढली. जाड कागद आहे, डब्यांखाली अंथरायला होईल, म्हणून तीच ती घेऊन आली. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या बायका. कुरळे केस, लाल ओठ, कोणी टेलिफोन धरलेली, कोणी शिडीवर चढलेली, कोणी पोहायच्या पोशाखात. टाचणीने भिंतीला लावायची चित्रं, म्हणून यांना पिनअप म्हणतात. यांत एकही बाई उघडी नाही. शंका असेल त्याने येऊन बघावं, हात धुऊन.

पाठीमुळे बसवत नव्हतं. पालथा पडून पेन्सिलीने एक उतरवलं. मग दुसरं. चेहरा जमायला सात महिने लागले, गालावरची सावली जमायला वर्ष. एसटीच्या थांब्यावर तेव्हाच सुरू झालं, "बायकू कामाला, आन बाप्या घरात बायका काढतोय." हे म्हणणाऱ्यांची नावं मला माहीत आहेत. इथे लिहून त्यांना मोठं करत नाही.

कलम ४. यातलं एक कॅलेंडर खालून वाळवीने खाल्लं होतं. स्टुलावर बसलेली, हातात टेलिफोन, घोट्याशी पाय एकावर एक टाकलेली बाई. घोट्यांच्या खाली पाऊलच नव्हतं. अर्धं चित्र मी करत नाही. पडवीत राजेश्वरी पाय पसरून तांदूळ निवडत होती. "पाय हलवू नको," म्हणालो. तिला वाटलं, काटा बघतोय. मी तिची पावलं उतरवली. लहानपणी बैलाने पाय दिल्यामुळे तिची एक करंगळी वाकडी आहे. तीही जशीच्या तशी काढली, कारण खोटं काढायचं नाही हा माझा नेम आहे.

माझी थोरली भावजय झुंबरबाई चाळण मागायला आली आणि ते चित्र तिच्या नजरेस पडलं. लावणीच्या दिवसांत आमच्या बायका संध्याकाळी पाण्याच्या पाटावर एका ओळीत बसून पाय धुतात. गावातल्या एकीचे पाय दुसरीला ओळखायला तोंड बघावं लागत नाही. "आगं बया, हे तर राजेश्वरीचं पाय," एवढंच ती म्हणाली. दिवस मावळेपर्यंत आदिनाथने बायकोचं नागडं चित्र काढलं, अशी बातमी गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती.

कलम ५. एप्रिल २०१६ चा दुसरा रविवार. मी तळेगावला मणक्याचा फोटो काढायला गेलो होतो. माझ्या माघारी माझे थोरले बंधू अंबाजी रखमाजी पिंगळे यांनी माझ्या लोखंडी कपाटातून एकसष्ट चित्रं नेली आणि विहिरीच्या खाचरात राबात घालून पेटवली. हे कोर्टात वाचलं गेलंच तर कळावं म्हणून सांगतो, भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. माझी दोन वर्षं पाल्याच्या आणि गवताच्या मध्ये गेली.

ठाकरवाडीचा शिदू त्या दिवशी भाऊंकडे राबाच्या कामावर होता. मी एसटीतून उतरलो तर तो रस्त्यावर माझी वाट बघत उभा. "दादा, तुमच्या मडमा राबात जळत्यात," म्हणाला. मणका विसरून मी पळालो. पोचलो तेव्हा राख होती. शिदूने हात भाजून घेऊन एक कोपरा ओढून काढला होता. शिडी धरलेली चार बोटं. तो कोपरा आजही माझ्या पाकिटात आहे, आणि तो शिदूला द्यावा. त्याच्या हातावर डाग आहे, गावात दुसऱ्या कोणाच्या हातावर नाही.

भाऊ धोतर खोचून बांधावर उभे होते. "गावात मान वर करून चालता यावं म्हनून जाळली. तुझ्याच बायकूची अब्रू व्हती ती," म्हणाले.

"पाय होते, भाऊ," मी म्हणालो. "दोन पाय."

त्यानंतर आमच्यात बोलणं नाही. नऊ वर्षं झाली.

आणखी एक. कपाटाचं कुलूप फोडलेलं नव्हतं, उघडलेलं होतं. किल्ली दोघांकडेच असायची. दुसऱ्या माणसाला मी आजवर विचारलेलं नाही.

कलम ६. विहिरीच्या खाचरातला माझा अर्धा हिस्सा मी अंबाजीभाऊंना देतो. त्या साली त्यात इंद्रायणी भात फार जोरात आला, असं त्यांनी कामशेतच्या बाजारापर्यंत सांगितलं. खत माझं होतं. खाचर आता त्यांचंच झालं. हा हिस्सा मायेपोटी दिलेला नाही, रागापोटी दिलेला आहे, आणि नोंद करताना तलाठ्यांनी हे वाक्य गाळू नये. बाकी जमिनीतला माझा हिस्सा राजेश्वरीचा.

कलम ७. त्या खाचरातला दाणा मी नऊ वर्षं तोंडात घातलेला नाही. माझ्या दहाव्याला पिंडासाठी त्यातला तांदूळ शिजवू नये. कामशेतहून विकत आणावा. चुकून शिजवलाच, तर कावळ्याची वाट बघत कोणी ताटकळत बसू नये. तो शिवणार नाही.

कलम ८. राखेनंतर काढलेली चित्रं, एकूण एकशे चौदा, प्रत्येकामागे अनुक्रम आणि तारीख घातलेली, राजेश्वरीच्या ताब्यात राहतील. ती जाळू नयेत, विकू नयेत, डब्यांखाली अंथरू नयेत, कॉटखाली सारू नयेत. मला जाळायला माझी हरकत नाही, चित्रं जाळायला आहे. मी गेलो त्या दिवसापासून तेरा दिवस यांतली चाळीस चित्रं पुढच्या खोलीच्या भिंतींवर पितळी टाचण्यांनी लावावीत. भेटायला येणारे सगळे त्यांच्याखाली बसतील. ज्यांना मान वर करून चालायचं होतं, त्यांनी तिथे मान वर करून बसावं. भावजयीने तोंडावर पदर घेतला तर घेऊ द्यावा. पदरातूनही दिसतं.

कलम ९. वरचा मजकूर लिहून झाल्यावर आज सकाळी मी तो राजेश्वरीला मोठ्याने वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. कलम पाच संपलं तेव्हा तिचा हात थांबला.

"साठ," म्हणाली.

मी म्हणालो, एकसष्ट. माझी मोजणी चुकत नाही.

"साठच जळली," म्हणाली. उठली, तिच्या लग्नातल्या ट्रंकेतून शालूच्या घडीत ठेवलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. स्टुलावरची बाई होती. पायांसकट.

मग तिने सगळं सांगितलं, आणि ते जसं सांगितलं तसं लिहितो. "किल्ली मीच दिली. थोरलं भावजी दारात, मागं निम्मी आळी. न्हाई म्हनले असते तर कपाट फोडून नेलं असतं. पन आदुगर हे काढून घेतलं. म्हनलं, हे आपलं हाय."

नऊ वर्षं का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. "तुमी कुटं इचारलं?" म्हणाली. यावर मला जे म्हणायचं होतं ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखं नाही.

म्हणून दुरुस्ती. कलम पाचमध्ये 'एकसष्ट' आहे तिथे 'साठ' वाचावं. भाऊंवरचा राग आहे तेवढाच राहील, एका चित्राने तो कमी होत नाही. किल्लीबद्दलचं वाक्य तसंच ठेवावं, कारण ते आजवर खरं होतं.

कलम १०. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बघत बसलो. चित्र चांगलं जमलं होतं, तसं म्हणालोही. ती वाकून म्हणाली, "आवो, वाकडी करंगळी माज्या उजव्या पायाची हाय. तुमी डाव्याला काढलीया."

मी चष्मा लावला. तिचे पाय बघितले, चित्र बघितलं. पडवीत ती सरळ पाय पसरून बसली होती. कॅलेंडरातली बाई पाय एकावर एक टाकून, म्हणजे तिचं डावं पाऊल कागदावर डावीकडे आलेलं. समोर डावीकडे दिसलं ते पाऊल मी कागदावर डावीकडे उतरवलं, आणि पायांची अदलाबदल झाली. अकरा वर्षं माल तपासलेल्या माणसाच्या टेबलावरून हा माल पास होऊन गेला. झुंबरबाईलाही कळलं नाही, आणि अख्ख्या गावालाही नाही. जिचे पाय तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आत्ता दुरुस्त करतो म्हणून मी पेन्सिल शोधायला लागलो. तिने कागद काढून घेतला. "आता नगं. दवाखान्यातनं आला की बसते पाय पसरून. बगून काढा."

तेव्हा सोमवारनंतर मी घरी आलो, तर हे कलम रद्द समजावं. आलो नाही, तर ते चित्र राजेश्वरीचं. ते एकशे चौदांत धरू नये, भिंतीला लावू नये, कोणी मागितलं तरी दाखवू नये. माझ्या पेन्सिली आणि पांढरा खोडरबरही तिचाच. दुसऱ्या कोणीही माझ्या कोणत्याही चित्राला रबर लावायचा नाही. करंगळी उजवीकडे न्यायची की आहे तिथे राहू द्यायची, हे तिने ठरवावं. पाय तिचे आहेत.

हे सगळं मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे आणि त्यांनी माझ्यासमोर केली आहे.

आदिनाथ रखमाजी पिंगळे (सही)

साक्षीदार
१. शिदू बुधा हिलम, राहणार ठाकरवाडी, करंजवाडी (सही. अंगठा लावू का विचारलं, मी नको म्हणालो, त्याला सही येते.)
२. संदीप बाळू गायखे, राहणार नवलाख उंबरे, कारखान्यातला माझा सोबती (सही)

ठिकाण : करंजवाडी, आंदर मावळ
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार