इरमेलाची शपथ

२३ मार्च १९५८, रविवार
घेतली आमच्या चर्चमधल्या इरमेलानं शपथ! कम्युनिस्टांच्या लाल झेंड्यापुढे, सरकारी सभागृहात. देवाचं नाव नाही, सगळी निष्ठा राज्याला. चौदा वर्षांच्या पोरांकडून वदवून घेतात मेले! नाही म्हटलं तर पुढची शाळा बंद. हिला नर्स व्हायचंय. बाप युद्धात गेला, आई सूतगिरणीत.

२४ मार्च
गोटहोल्डनं चर्चचा पाळक म्हणून निकाल दिला – शपथ घेणाऱ्याचं दृढीकरण नाही, म्हणजे मंडळीत पक्कं सामील करणं नाही; प्रभुभोजनाची भाकर आणि प्यालाही नाही. "दोन धन्यांची चाकरी चालत नाही." पाळक बोलत होता, माझा नवरा नव्हे.

२६ मार्च
इरमेला माझ्याकडे आली. बटाटे सोलता सोलता रडली. "पाळकीणबाई, मी नुसते ओठ हलवले हो. मनात प्रभूची प्रार्थनाच चालली होती."
जेवताना गोटहोल्डशी कडाक्याचं भांडण.
"पेत्रानं तर प्रभूलाच तीनदा नाकारलं. त्याला काढला असतास बाहेर?"
"पेत्र नंतर पस्तावून रडला होता."
"ही पण रडलीय! माझ्या स्वयंपाकघरात. तू आत प्रवचन लिहीत होतास."

२७ मार्च
अबोला. सूप मुद्दाम खारट केलं. मुकाट्यानं प्यायला.

२९ मार्च
शेवटी तोच बोलला. "शपथ नाकारलेली तीन पोरं आहेत, उर्सुला. शाळा गमावून बसलीत. त्यांना काय तोंड दाखवू?"
खरं आहे. गोटहोल्ड भित्रा नाही. पक्षाचे लोक दारात आले तेव्हा एकटा उभा राहिला होता. पण मी गप्प बसणार नाही! म्हटलं, "कर्मानं नाही, विश्वासानं तरतो, हे बावीस वर्षं तूच शिकवतोस. मग शपथ नाकारणं हे नवं पुण्यकर्म कधीपासून झालं? धीट पोरांना बक्षीस म्हणून भाकर वाटणार आहेस का?"
तो आतल्या खोलीत गेला, दार लावून घेतलं.

३० मार्च, ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार
चर्चमध्ये इरमेला आईजवळ मागे बसली होती. प्रभुभोजनाला वेदीपुढे गुडघे टेकले. माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीसारखं जिभेवर भाकर घ्यायला तोंड उघडलं नाही, हात पुढे केला. गोटहोल्ड थबकला, मग त्यानं हातावर भाकर ठेवली. मी उठले, भर मंडळीतून चालत गेले आणि अर्धी मोडून इरमेलाला दिली.
मागे पावलं वाजली. गोटहोल्ड प्याला घेऊन आला होता.
"तुझ्यासाठी," म्हणाला, प्रत्येकाला प्याला देताना म्हणतो तसंच. आधी तिला दिला, मग मला.