खिशातली चिठ्ठी

प्रिय ताईस, धाकटीचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

शिवणकारखान्यात अचानक आमचे लाड सुरू झालेत. नवे पंखे, पाठ टेकायला खुर्च्या, थंड पाणी. बायका खूश आहेत, पण मला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं. अशा सोयींनी कुरकूर थांबते, कामाची ओढ लागत नाही, असं मी वाचलंय.

माझी ओढ तुला ठाऊक आहे. सदरा तपासून झाला की माझ्या नंबराची छापील चिठ्ठी त्याच्या खिशात ठेवायची. हे गेल्यावर त्या चिठ्ठीनेच मला रोज घराबाहेर काढलं.

काल चिठ्ठ्या संपल्या. मुकादमाकडे मागितल्या, तर म्हणाला, "मावशी, चिठ्ठ्या आता बंद. खुर्ची मिळाली ना? मग बसा की गप्प!"

तेव्हा कळलं, लाड कशासाठी होते ते.

आज मी घरून वहीची पानं कापून नेली आणि प्रत्येक खिशात हाताने लिहिलेली चिठ्ठी घातली. नंबराऐवजी नाव लिहिलं, पूर्ण, ह्यांच्या नावासकट.

एवढ्यावरून कामावरून काढतात का गं? भावोजींना विचारून लगेच कळव. तोवर मी लिहीतच राहणार आहे.

तुझीच,
धाकटी