सात दिवसांचा रूल

९ जून
शाळेचा मेलबॉक्स फुल्ल. ४३१२ मेल न वाचलेले. मुख्याध्यापिका रेणुका मॅडम म्हणाल्या, लिपिक कशासाठी ठेवलाय? संकल्प : रोज पन्नास मेल वाचायचे. आज दोन वाचले. दोन्ही जाहिराती. पण सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

१० जून
बिलकिसबाई आल्या. मुलगी सबीहा दहावीला शाळेत दुसरी. दाखल्यावर जन्मतारीख चुकली आहे. ११ जुलैपर्यंत दुरुस्त झाली नाही तर पॉलिटेक्निकची सीट जाणार. रजिस्टर काढलं. अक्षर माझंच. त्यांना म्हणालो, जुन्या क्लार्कनं घाण करून ठेवलीय. तसा मी जुनाच आहे, म्हणजे खोटं नाही. दुरुस्तीचा प्रस्ताव लगेच बुलढाण्याला शिक्षणाधिकारी ऑफिसला मेल केला.

१२ जून
कम्प्युटरच्या कुलदीप सरांनी सेटिंग करून दिलं. सात दिवसांपेक्षा जुना मेल आपोआप आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या मेलच्या कप्प्यात. 'पण वाचत जा बरं, दयारामभाऊ,' असंही बजावलं. वाचायचंच असतं तर सेटिंग कशाला केलं असतं? इनबॉक्समध्ये उरले एकोणीस. दोन घास जास्त जेवलो.

१८ जून
बुलढाण्याच्या ऑफिसातला प्रेमानंद फोनवर मेलच्या ढिगाचं रडगाणं गात होता. त्याला आपल्या सेटिंगचा सात दिवसांचा रूल शिकवला. 'भारी चीज हाय हे, दयारामभाऊ!' म्हणाला. ज्ञान दिल्यानं वाढतं.

२७ जून
बिलकिसबाई. उत्तर आलं का? इनबॉक्स त्यांच्यासमोरच उघडला. पारदर्शक कारभार. चार मेल, त्यांच्या कामाचा एकही नाही. वरूनच आलं नाही म्हणालो. 'तुम्ही हाय म्हणून मले काळजी नाही, भाऊ,' म्हणाल्या आणि गेल्या. नंतर चहा कडू लागला. साखर कमी असेल.

४ जुलै
पुन्हा आल्या. सोबत सबीहा. ती म्हणाली, 'सर, आर्काइव्हमधी पाहा ना एक डाव.' तिथं जुना कचरा असतो, म्हणालो. मोठ्यांना शिकवायचं नसतं. तरी दिवसभर तिचा चेहरा डोळ्यांपुढून हलला नाही.

७ जुलै, सकाळी ११
आर्काइव्ह उघडलं. सहज. १६ जूनचं उत्तर तिथं पडलेलं. रजिस्टरची प्रत पंधरा दिवसांत पाठवा, अन्यथा प्रस्ताव निकाली. मुदत संपून सहा दिवस झाले. चूक सेटिंगची. नाही, माझीच. प्रत ताबडतोब मेल केली. आता जबाबदारी त्यांची.

९ जुलै
प्रेमानंदला फोन. प्रत मिळाली का? 'थांबा, पाह्यतो. इनबॉक्स तं साफ हाय. तुम्ही सांगतलं तवापासून डोक्याले तापच नाही. मी तं एका दिवसाचाच रूल लावला!' आता शिव्या कुणाला देऊ? उद्या रजा टाकून स्वतः कागद घेऊन जातो.

१० जुलै
अमडापूरहून पहिल्या एसटीनं बुलढाणा. मायलेकी सोबत. साहेबांपुढं हात जोडले, मुदत संपली तरी घ्या म्हणालो. सही साडेचारला मिळाली. स्टँडवर बिलकिसबाईंनी डबा उघडून भाकर पुढं केली. 'रजा टाकून आले तुम्ही. कोण करते एवढं दुसऱ्याच्या पोरीसाठी?' खरं सांगणार होतो. पण तोंडात घास होता.

सबीहा फाईलमधलं ऑफिसचं पत्र वाचत होती. वरची १६ जून ही तारीख तिनं दोनदा पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. आईला काही बोलली नाही. माझी भाकर संपल्यावर एवढंच विचारलं, 'सर, आणखी देऊ?'

हो म्हणालो.