नाल्यात उतरू नका

मंगळवार, संध्याकाळ

आज ग्रामपंचायतीत गॅसगळतीची सभा झाली. मागच्या वर्षी पाण्याच्या टाकीपाशी क्लोरीनचं सिलिंडर गळलं, त्यानंतरची ही पहिलीच. अमरावतीहून आलेल्या बाई म्हणाल्या, "क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागेत साचतो. म्हणून उंचावर जायचं."

खोलगट जागेत. पुढचं मला ऐकूच आलं नाही.

त्या दिवशी आम्ही दोघं झेंडूच्या वावरात होतो. घसा जळायला लागला तसे हे टेकाडाकडे निघाले. मीच ओरडले, "तिकडं काहून जाता? नाल्यात उतरा, मी पोरीले घेऊन येतो." पोर घरी होती; मी वर घराकडे पळाले, म्हणून आम्ही मायलेकी वाचलो. यांचा देह नाल्यात सापडला. एरवी माझं कधी ऐकायचे नाहीत. त्या दिवशीच का ऐकलं?

गावाला वाटतं, ते आपणहून नाल्यात उतरले. शेजारी बसलेल्या सासूबाईंनाही तेच वाटत होतं.

बाईंनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय का? मी उठले. म्हटलं, "घसा जळून राहिला तर नाल्यात उतरू नका. टेकाडावर जा." सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

परतताना त्यांनी विचारलं, "त्याले नाल्यात उतर म्हून कोनं सांगतलं होतं वं?"

"मी," म्हटलं.

त्या रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या. बऱ्याच वेळाने उठताना त्यांनी माझाच हात धरला.