रुग्णास समाधान

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोज एक घरभेट. टंगळमंगळ बंद. आज सुतारबुवांकडे. शनिवारी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन आहे. त्याआधी पाळकसाहेबांनी येऊन प्रार्थना करावी, असा त्यांचा निरोप आहे. भेटीच्या रजिस्टरमध्ये आधीच लिहून टाकलं : 'सुतार यांस भेट दिली. प्रार्थना केली. रुग्णास समाधान.' आधी लिहिलं की जावंच लागतं. बायबल स्कूलमध्ये मी दोनच वर्षं काढली, पण ही पद्धत माझी स्वतःची.

संध्याकाळी ६
गेलो नाही. सायकल पंक्चर. त्यांचं घर चालत चार मिनिटांवर आहे हे खरं, पण पाळकाने सायकलवरून गेलेलं बरं दिसतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार
खरं कारण लिहितो. इथे कोण वाचतंय?
महिन्यापूर्वी मी उपदेश करत होतो आणि तिसऱ्या बाकावर सुतारबुवा चक्क घोरत होते. मी पुढ्यातल्या लाकडी पुलपिटवर हात आपटला. म्हटलं, "सुतारबुवा, उठा! न्यायाचा दिवस आला!" ते दचकून उभे राहिले आणि गीताचं पुस्तक उलटं धरून गायला लागले. सगळे हसले. सर्वांत जास्त मी.
मग घरी कळलं, दुखण्यावरच्या गोळ्यांनी त्यांना झोप येत होती. गोळ्या घेऊनही ते उपासनेला आले होते. आणि ज्या पुलपिटवर मी हात आपटला, तेही त्यांनीच केलेलं.
उद्या नक्की.

५ फेब्रुवारी, गुरुवार
काल उपदेश लिहायचा होता. विषय : खरेपणा. दोन ओळी झाल्या.
चर्चची मंडळी झोपते, घरची मंडळी मात्र सदा जागी. हिने रजिस्टर वाचलं. विचारलं, चेहरा कसा वाटला त्यांचा? बरा, म्हटलं. जेवण जातं का? थोडं थोडं. घरात कोण होतं? मी म्हटलं, मी प्रार्थनेला जातो, शिरगणतीला नाही. तर म्हणाली, चिडता कशाला?

६ फेब्रुवारी, शुक्रवार
हिने महिला मंडळात सांगून टाकलं की साहेब स्वतः जाऊन आले. सुतारबुवांची बायको तिथेच होती म्हणे. ही घरी येऊन म्हणाली, "अहो, त्या दिवसाचं माझ्या मनाला फार लागलं होतं. तुम्ही गेलात, बरं केलंत." डोळे पुसत होती. ताट तसंच ठेवलं.
ताबडतोब निघालो. फाटकापर्यंत पोहोचलो. आतून त्यांचा खोकला ऐकू आला. तिथेच उभा राहिलो. समोरच्या टेलरने विचारलं, साहेब, काही हरवलं का? पेन, म्हटलं. भला माणूस. मशीन थांबवून आला आणि पाव तास माझ्याबरोबर रस्त्यावर वाकून शोधत होता. पेन खिशातच होतं. परत आलो.

७ फेब्रुवारी, शनिवार
सकाळभर गुडघ्यांवर. प्रभू, त्यांना वाचव, म्हणजे मला जाता येईल. मग ती प्रार्थना दुरुस्त केली : नुसतंच वाचव.
दुपारी निरोप आला, ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यातून घरी आले की पहिला मीच जाणार.

२२ फेब्रुवारी, रविवार
ते घरी येऊन आठ दिवस झाले होते. आज तेच चर्चला आले. निम्मे झालेत. साक्ष द्यायला उभे राहिले. म्हणाले, पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, तेवढ्यानेच मला समाधान वाटलं. ही पुन्हा रडली. माझ्या हातात खरेपणाच्या दोन ओळी. तेवढ्या वाचल्या आणि गीत सांगितलं.
दारात त्यांनी माझा हात धरला. हळूच म्हणाले, "बायको म्हणाली, साहेब येऊन गेलेत. मला तर काही आठवेना. म्हटलं, झोपलो असेन. पण साहेब, या खेपेला जागं नाही केलंत?"
हसत होते. हात मात्र सोडत नव्हते.

२३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७
आज जाऊन सगळं कबूल करणार. मग हिलाही सांगणार. रजिस्टरमध्ये लिहिलं : 'सुतार यांस भेट दिली. माफी मागितली. दोघांस समाधान.'
शाईने लिहिलंय. आता जावंच लागेल.
सायकलीत हवा आहे का, तेवढं बघतो.