सोळावे प्रकरण

मी, जनकाबाई बेवा शेषराव पडघान, वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार मौजे देऊळघाट, तालुका व जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. मन शांत नाही, पण तेवढ्याने कागद रद्द होत नाही असे वकिलांनी सांगितले.

कलम १. राहते घर यजमानांनी हयातीत माझ्या नावे केले. ते मुलगा भगवंत यास मिळावे. पुढच्या खोलीतले टेबलही त्याचेच. शाळेतून निवृत्त झाल्यावर यजमानांनी त्या टेबलावर कादंबरी लिहिली. मी चहा नेऊन ठेवी. काय लिहिता, विचारले तर म्हणत, "एका म्हाताऱ्याचं आहे. बोलायचं ते बोलायचं राहून गेलं."

कलम २. शिवणयंत्र शेजारच्या गौसियास द्यावे. सुनेने रागावू नये. तिला साधी बॉबिन भरता येत नाही.

कलम ३. नणंद रुक्मिणीबाई हिला काही देऊ नये. कारण असे. त्या कादंबरीवर सिनेमा निघाला. यजमान वारल्यावर तो धाडच्या बाजारात तंबूत लागला, तेव्हा आम्ही दोघी पाहायला गेलो. त्यातल्या म्हाताऱ्याची बायको खोकत खोकत दुसऱ्याच रिळात मेली. पुढे सगळा वेळ म्हातारा बीबी गावच्या कौशल्येसाठी झुरतो. नणंद भर तंबूत बोलली, "काऊन वो वहिनी, तुम्हाले तं लवकरच मारून टाकलं!" लोक हसले. पंचेचाळीस वर्षे मी त्या माणसाला गरम भाकरी वाढली, आणि खोकला मला कधीच नव्हता.

कलम ४. कादंबरीची प्रत. अक्षर मला यजमानांनीच शिकवले, पण कादंबरी वाचायची हिंमत मला सिनेमा पाहिल्यावर झाली. पुस्तकात कौशल्या एकाच प्रकरणात आहे, सोळाव्या. सिनेमावाल्यांनी तेच ताणले. तरुण मास्तर मागणी घालायला तिच्या दारापर्यंत जातो, आवाज न देता परत फिरतो, आणि जन्मभर पस्तावतो. नाव, गाव, सगळे खरे लिहिले आहे. पुस्तक पिशवीत घालून मी भांडायला बीबीला गेले.

कौशल्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. विधवा, दोन्ही डोळे गेलेले. मी मास्तरांची बायको, असे सांगताच म्हणाल्या, "बरे हायत ना ते?"

"गेले. दोन वर्षं झाली."

त्या म्हणाल्या, "त्यायनं पुस्तक लेहलं म्हनतात. मले वाचून दाखवता काय?"

दोन दिवस त्यांच्या घरी राहून मी वाचले. पंधरावे प्रकरण संपले आणि मी सतरावे काढले. शेवटी त्यांनी विचारले, "माहं नाव कुठीच नाही?"

"नाही."

"मंग मलेच वाटत व्हतं," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

मला आनंद झाला. चिखलीच्या स्टँडपर्यंत तो टिकला.

सबब माझे तेरावे झाल्यावर भगवंताने बीबीला जावे आणि कौशल्याबाईंस सोळावे प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचून दाखवावे. मधले काही गाळू नये. माझ्या वतीने माफी मागू नये. प्रत त्यांच्याकडेच ठेवून यावे. त्या माझ्याआधी गेल्या तर पुस्तक कोणालाही द्यावे, मला त्याचे काही नाही.

साक्षीदार फकीर मोहम्मद यांनी हे सर्व वाचले व ते म्हणाले, "भाभी, बाई जिती हाय, तुम्हीबी जित्या हात. उद्याच्या मोटारीनं जा अन् वाचून या."

मी म्हटले, "नाही होत, भाई. अजून जळतं मले."

मी सही केली, मग त्यांनी केली.

ठिकाण : देऊळघाट
तारीख : १२ फेब्रुवारी १९६९

सही : जनकाबाई शेषराव पडघान

साक्षीदार :
१. फकीर मोहम्मद, शिंपी, देऊळघाट
२. अर्जुनराव उकंडराव सोनुने, देऊळघाट